द सोप्रानोज पहिल्यांदा बघताना: पाकीट कोणाच्या हातात जातंय ते बघा

‘द सोप्रानोज’ या न्यू जर्सीतल्या माफिया टोळीवरच्या मालिकेची गोष्ट अवघड नाही, अवघड आहेत ती माणसं. पहिल्याच एपिसोडमध्ये नावांचा मारा सुरू होतो, त्यात टोपणनावंच जास्त. कोण कोणाचा कोण हे समजावून सांगायला मालिका कधीच थांबत नाही. नवा प्रेक्षक चेहरे लक्षात ठेवायची धडपड करतो आणि तिथेच दमतो. चेहऱ्यांपेक्षा पैसा लक्षात ठेवा. कोण कोणाच्या हातात नोटांचं पाकीट देतोय एवढं टिपलंत, की कोण वर, कोण खाली, कोण रागावलाय आणि कोण मरायच्या वाटेवर आहे हे आपोआप कळायला लागतं. हा सगळा लेख त्या एका सवयीभोवती आहे.

१. बसण्याआधी

मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर १० जानेवारी १९९९ ते १० जून २००७ या काळात आली. निर्माता डेव्हिड चेस. सिझन ६, एपिसोड ८६. पहिल्या पाच सिझनमध्ये प्रत्येकी १३ आणि सहाव्यात २१ एपिसोड आहेत. हा सहावा सिझन दोन तुकड्यांत दाखवला गेला, २००६ मध्ये १२ आणि २००७ मध्ये ९. काही ठिकाणी दुसऱ्या तुकड्यालाच सातवा सिझन म्हणतात. त्यामुळे एखाद्या यादीतला क्रमांक आणि तुमच्या स्क्रीनवरचा क्रमांक जुळला नाही, तर एपिसोडचं नाव बघा.

इंग्रजी सबटायटल्स लावून बसा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. ही माणसं न्यू जर्सीच्या बोलीत, तोंडातल्या तोंडात बोलतात आणि मधूनच दक्षिण इटलीकडचे मोडके शब्द टाकतात. ‘गुमार’ म्हणजे लग्नाबाहेरची बाई, ‘गबागूल’ म्हणजे डुकराच्या मांसाचा एक खारवलेला प्रकार. ‘वॅक’ म्हणजे उडवणं, ‘पिंच’ होणं म्हणजे पकडलं जाणं, ‘सिट-डाउन’ म्हणजे भांडण मिटवायला मोठ्यांसमोर घेतलेली बैठक. सुरुवातीला एवढे शब्द पुरतात.

दिवसाला एक, फार तर दोन एपिसोड. एकेक एपिसोड साधारण तासाभराचा आणि बहुतेक वेळा स्वतंत्र कथेसारखा रचलेला असतो. सलग पाच बघितले की सगळे जेवणाचे प्रसंग एकमेकांत मिसळतात.

आणि पात्रांची नावं शोधयंत्रात टाकू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाव अर्धं टाइप होतं न होतं तोच खाली ‘कोणत्या एपिसोडमध्ये मरतो’ अशी सूचना येते. अगदीच अडलं तर अभिनेत्याचं नाव शोधा.

२. पहिल्या एपिसोडमध्ये नेमकं काय पकडायचं

तीनच गोष्टी. टोळीतला टोनी सोप्रानो हा मालिकेचा नायक. त्याला भोवळ येते आणि तो डॉ. जेनिफर मेल्फी या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागतो. ही गोष्ट धंद्यातल्या कोणाला कळली तर त्याच्या जिवावर बेतेल. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची आई लिव्हिया, जिला कशातच समाधान नाही. तिसरा त्याचा काका, कोराडो ज्युनियर.

याच एपिसोडमध्ये पहिला सापळाही आहे. ‘पुसी’ नावाची माणसं दोन आहेत. ज्युनियर काकाला मारायचाय तो ‘लिटल पुसी’ मलांगा. टोनीचा जुना साथीदार साल्वातोरे बोनपेनसिएरो हा ‘बिग पुसी’. काका हा खून ‘व्हेसुव्हियो’ या रेस्टॉरंटमध्ये करायचं ठरवतो आणि ते रेस्टॉरंट टोनीचा शाळासोबती आर्टी बुकोचं आहे. खून झाला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून टोनी आधीच ते जाळून टाकायला लावतो, म्हणजे मित्राला निदान विम्याचे पैसे मिळतील. दोन पुसींची गल्लत झाली की हा प्रसंग डोक्यावरून जातो. टोनी मित्राचं भलं कसं करतो, याचा हा पहिला नमुना आहे. असे पुढे बरेच येतील.

३. उतरंड कागदावर काढा

न्यू जर्सीची टोळी म्हणजे डिमेओ घराणं. वरून खाली क्रम असा: बॉस, अंडरबॉस, सल्लागार म्हणजे ‘कॉन्सिलिएरे’, मग कापो म्हणजे एकेका गटाचे प्रमुख, त्यांच्या हाताखाली सैनिक, आणि सर्वांत खाली नुसते साथीदार. सैनिक आणि त्यावरचे सगळे ‘मेड’, म्हणजे रीतसर शपथ घेऊन आत घेतलेले. त्यासाठी इटालियन वंशाचं असावं लागतं. हेश रॅबकिन हा टोनीच्या वडिलांच्या काळापासूनचा सल्ला देणारा माणूस, भरपूर कमावणारा, पण तो ज्यू आहे. त्यामुळे त्याचा सल्ला सगळे ऐकतात, पण तो कधीच ‘मेड’ होणार नाही. टोनीच्या हाताखालचा तरुण क्रिस्तोफर मोल्टिसांती सुरुवातीला नुसता साथीदार आहे आणि हीच त्याची ठसठस. त्याची पहिल्या सिझनमधली चिडचिड ही बढती न मिळालेल्या माणसाची चिडचिड आहे, हे ध्यानात ठेवलं की तो आगाऊ न वाटता केविलवाणा वाटतो.

मालिका सुरू होते तेव्हा मूळ बॉस एर्कोले डिमेओ तुरुंगात आहे, काम बघतोय जॅकी अप्रिले, आणि त्याला कर्करोग झालाय. टोनी तेव्हा फक्त कापो आहे. चौथ्या एपिसोडमध्ये खुर्ची रिकामी होते आणि टोनी तिच्यावर आपण होऊन काकाला बसवतो. का? एफबीआयची नजर बॉसवर असते. नाव काकाचं, खटला काकावर, कारभार आपला.

इथे नवे प्रेक्षक हमखास चुकतात. ज्युनियरला बॉस म्हणतात म्हणून त्याला बॉस समजतात आणि मग बाकीचे कापो टोनीकडे का बघतात हे कळत नाही. पहिल्या सिझनचा सहावा एपिसोड, ‘पॅक्स सोप्राना’, दोनदा बघा. नवा बॉस म्हणून ज्युनियर हेशकडे मागच्या काळाचाही हप्ता मागतो. टोनी मध्ये पडतो, रक्कम खाली आणतो आणि काकाला गोड बोलून तेच पैसे कापोंमध्ये वाटायला लावतो. काकाला वाटतं आपण उदार राजा झालो. पैसा मात्र टोनीने सांगितलेल्या वाटेनेच फिरलेला असतो. शेवटी एफबीआय आपल्या फळ्यावर सर्वांत वर ज्युनियरचा फोटो लावते. तिथे पॉज करा आणि फळा उतरवून घ्या. उतरंडीचा इतका सोपा तक्ता मालिकेत पुन्हा सहज मिळत नाही, आणि सर्वांत वरचा फोटो चुकीचा आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचं लुपर्टाझी घराणं. त्यांचा बॉस कार्माइन, त्याच्या हाताखाली जॉनी सॅक. न्यू जर्सीची टोळी त्यांच्यापुढे लहान आहे. हा कमीपणा मालिकाभर ठुसठुसत राहतो. पाचव्या सिझनमध्ये बरीच वर्षं आत काढलेले काही जण एकदम सुटून येतात आणि त्यांत न्यूयॉर्कचा फिल लिओतार्दोही असतो. तेव्हा कागदावर नवा रकाना करा.

४. पैशाचा माग

नियम साधा आहे: प्रत्येकाने आपल्या कमाईतला वाटा वर द्यायचा. साथीदार सैनिकाला देतो, सैनिक कापोला, कापो बॉसला. पाकीट जाड आलं तर माणसाचे सगळे गुन्हे माफ. पातळ झालं की शंका सुरू. टोनीचा चांगला कमावणाऱ्याबद्दलचा संयम आणि न कमावणाऱ्याबद्दलचा तिटकारा यातच त्याच्या बहुतेक निर्णयांचं मूळ सापडतं. राल्फ सिफारेटो येईल तेव्हा हे आठवा. अशा माणसाला टोनी सहन का करतो, याचं उत्तर पाकिटात आहे.

कमाईचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. कचरा उचलण्याचा धंदा हा टोनीचा अधिकृत मुखवटा, स्वतःची ओळख तो ‘वेस्ट मॅनेजमेंट सल्लागार’ अशी करून देतो. बांधकामावर दोन तऱ्हेच्या बनावट नोकऱ्या असतात. ‘नो-शो’ म्हणजे कामावर यायचंच नाही, पगार घरपोच. ‘नो-वर्क’ म्हणजे यायचं, पण खुर्ची टाकून बसायचं. चौथ्या सिझनपासून नेवार्कच्या नदीकाठच्या एस्प्लनेड प्रकल्पावर या नोकऱ्यांच्या वाटणीवरून न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यात जी तणातणी होते, ती याच फरकामुळे समजते. त्याच सिझनमध्ये घरांसाठीच्या सरकारी कर्जाचा घोटाळा येतो: पडकी घरं स्वस्तात घ्यायची, मूल्यांकन करणाऱ्याला हाताशी धरून किंमत फुगवायची, सरकारी हमीचं कर्ज उचलायचं आणि हप्ते बुडवायचे.

पण सगळ्यात नीट बघण्यासारखं उदाहरण दुसऱ्या सिझनमध्ये आहे. डेव्ही स्कटिनो हा टोनीचा शाळेतला मित्र, खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा. ‘द हॅपी वाँडरर’ (सहावा एपिसोड) मध्ये तो टोनीच्या मोठ्या रकमेच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर बसायला मिळावं म्हणून गयावया करतो. टोनी आधी नको म्हणतो, मग बसू देतो. तिथे हिशेब ‘झिटीच्या खोक्यां’त चालतो. झिटी हा पास्त्याचा प्रकार, आणि एक खोका म्हणजे १००० डॉलर. सकाळपर्यंत डेव्हीच्या डोक्यावर ४५ खोके. त्याची टोळीतल्याच रिची अप्रिलेकडेही आधीची उधारी आहे. रिची अड्ड्यावर येऊन तमाशा करतो आणि त्याची शिक्षा म्हणून टोनी बजावतो की आधी माझे पैसे फिटतील, मग तुझे. रिची आणि टोनीमधलं वैर इथे पेटतं. वरवर मानापमान दिसतो. आत रांगेत पुढे कोण, एवढाच वाद आहे.

त्यानंतर डेव्ही आपल्या मुलाची गाडी फेडीत देतो आणि टोनी ती आणून स्वतःच्या मुलीला, मेडोला भेट देतो. मुलगा तिच्याच शाळेतला, गाडी तिने ओळखलेली. धंद्याचा पैसा घरात कसा येतो आणि घरातली माणसं तो ओळखूनही कशी वापरतात, हे एवढ्या एका गाडीत आलंय.

पुढचा टप्पा ‘बस्ट आउट’ (दहावा एपिसोड). कर्ज फिटत नाही म्हटल्यावर टोळी दुकानच ताब्यात घेते. दुकानाच्या नावावर उधारीने माल मागवायचा, तो दुसरीकडे विकायचा, पुरवठादारांची बिलं द्यायचीच नाहीत. दुकानाची पत संपली की दिवाळखोरी, आणि टोळी पुढे जाते. हे दोन एपिसोड नीट समजले तर पुढच्या चार सिझनमधली आर्थिक बाजू कुठेच अडत नाही.

५. घरची माणसं

बायको कार्मेला, मुलगी मेडो, मुलगा ए.जे. टोनीची थोरली बहीण जेनिस दुसऱ्या सिझनमध्ये परत येते. धाकटी बार्बरा या सगळ्यापासून लांब राहते. क्रिस्तोफरला टोनी भाचा म्हणतो, पण तो सख्खा भाचा नाही, त्याचे वडील डिकी हे कार्मेलाच्या नात्यातले. टोनीला डिकी गुरूसारखे होते आणि ते ऋण तो क्रिस्तोफरवर फेडू पाहतो.

कार्मेलाकडे ‘गुंडाची बायको’ म्हणून बघू नका. पहिल्या सिझनपासून तिला सगळं माहीत आहे. प्रश्न एवढाच की ती ते कधी आणि किती किमतीला माहीत नसल्यासारखं करते. चौथ्या सिझनचा शेवटचा एपिसोड ‘व्हाइटकॅप्स’ हा तिचा आणि टोनीचा आहे, आणि आमच्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वोत्तम अभिनय त्यात आहे. तो फोन हातात घेऊन बघू नका.

मेल्फीकडचे प्रसंग संथ वाटतात म्हणून पुढे ढकलायचा मोह होतो. ढकलू नका. टोनी तिथे अर्धं खोटं बोलतो, पण आदल्या दृश्यात तुम्ही खरं काय ते पाहिलेलं असतं. मजा त्या तफावतीत आहे.

६. चकवणारी नावं आणि चेहरे

हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

जॅकी अप्रिले दोन, बाप आणि मुलगा. कार्माइन दोन, तेही बाप आणि मुलगा. मुलाला ‘लिटल कार्माइन’ म्हणतात. ‘ज्युनियर’ म्हणून हाक मारली जाते ती मात्र सत्तरीच्या म्हाताऱ्याला. पाचव्या सिझनमध्ये दुसरा टोनी येतो, टोनी ब्लुंडेटो. लहानपणी दोघांना वडिलांच्या नावाने ओळखत: हा ‘टोनी अंकल अल’ आणि आपला ‘टोनी अंकल जॉनी’. संवादात ही नावं आली तर गोंधळू नका.

फिली आणि पॅट्सी परिसी हे जुळे भाऊ, दोघंही डॅन ग्रिमाल्डीनेच केलेत. फिली दुसऱ्या सिझनच्या सुरुवातीलाच मारला जातो आणि नंतर तोच चेहरा परत दिसतो, तो पॅट्सी. शेजारच्या जीनी कुसामानो आणि तिची जुळी बहीण जोन यांचंही तसंच, दोघी सँड्रा सँटियागो.

उलटही घडतं. जोसेफ गॅनास्कोली पहिल्या सिझनमध्ये बेकरीतलं एक गिऱ्हाईक म्हणून दिसतो. नंतर येणारा व्हिटो स्पाटाफोरे हे वेगळंच पात्र आहे. फादर फिल पहिल्या एपिसोडमध्ये एक अभिनेता करतो, पुढे पॉल शुल्झ. बार्बराही मध्येच बदलते. यामागे काही गूढ संकेत नाही, फक्त पात्रनिवड.

७. ट्रिव्हिया: काय खरं, कसं तपासायचं

या मालिकेभोवती दंतकथा भरपूर आहेत. एखादी गोष्ट कानावर आली तर आधी ती कोणत्या जातीची ते ठरवा: पडद्यावर दिसणारी, चित्रीकरणाची, की चाहत्यांचा तर्क. पहिली एपिसोड उघडून तपासता येते. दुसरीसाठी श्रेयनामावली आणि कलाकारांच्या मुलाखती आहेत. तिसरी गप्पांसाठी छान, पण प्रश्नमंजूषेत घालू नका.

पक्क्या गोष्टी पुष्कळ आहेत. नावावरून ही गायकांची मालिका वाटेल अशी वाहिनीला धास्ती होती, म्हणून बोधचिन्हात ‘आर’ अक्षराच्या जागी पिस्तूल आलं. टोनीचा सल्लागार सिल्व्हियो झालेला स्टीव्हन व्हॅन झँड हा ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधला गिटारवादक, त्याने आधी अभिनय केलेला नव्हता. चेसच्या मनात तो टोनीसाठीही होता. पडद्यावरची त्याची बायको गॅब्रिएला ही त्याची खरीच बायको आहे. लॉरेन ब्राकोला कार्मेलाची भूमिका देऊ केली होती, तिने मेल्फी मागून घेतली. टोनीच्या टोळीतला पॉली करणाऱ्या टोनी सिरिकोची अट होती की आपलं पात्र खबऱ्या निघता कामा नये. लिव्हियाच्या मागे चेसची स्वतःची आई आहे.

१९९० च्या ‘गुडफेलाज’ या चित्रपटात क्रिस्तोफर करणाऱ्या मायकेल इम्पेरिओलीच्या पात्राला पायात गोळी लागते. इथे पहिल्या सिझनमध्ये क्रिस्तोफर बेकरीतल्या पोऱ्याच्या पायात गोळी घालतो. तो मुद्दाम घातलेला सलाम आहे.

शीर्षकगीत ‘अलाबामा थ्री’ या लंडनच्या बँडचं, आणि ते सुचलं छळ करणाऱ्या नवऱ्याला मारणाऱ्या एका बाईच्या खटल्यावरून. त्यात माफिया कुठेच नव्हता. शीर्षकदृश्यातले जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ नंतर, चौथ्या सिझनपासून काढून टाकले. मालिकेसाठी खास पार्श्वसंगीत रचलेलं नाही, आहेत ती निवडलेली गाणी.

न्यू जर्सीत डेकॅव्हलकांते नावाची खरी टोळी आहे. १९९९ मध्ये एफबीआयच्या ध्वनिमुद्रणात तिचीच माणसं ‘ही मालिका आपल्यावरच आहे की काय’ अशी चर्चा करताना सापडली.

आता एक नेहमीची चूक. ‘पाइन बॅरन्स’ (तिसरा सिझन, अकरावा एपिसोड) हा बर्फाळ जंगलातला एपिसोड न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये चित्रित झाला असं सर्रास सांगतात. एसेक्स काउंटीने आपल्या वनक्षेत्रात चित्रीकरणाला परवानगी नाकारली आणि तो न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन स्टेट पार्कमध्ये झाला. दिग्दर्शक स्टीव्ह बुसेमी, जो दोन सिझननंतर टोनी ब्लुंडेटो म्हणून पडद्यावर येतो. त्यातल्या रशियन माणसाचं पुढे काय झालं याची वाट बघू नका.

तिसऱ्या सिझनचा दुसरा एपिसोड झाला नसेल तर हा परिच्छेद सोडा. लिव्हिया करणाऱ्या नॅन्सी मार्चंड जून २००० मध्ये वारल्या. त्यांचा शेवटचा प्रसंग जुन्या दृश्यांतला चेहरा संगणकाने दुसऱ्या अंगावर बसवून केला आहे. तो खटकतो. तुमच्या टीव्हीचा दोष नाही.

पुरस्कारांत एवढंच लक्षात ठेवा: २००४ मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी जिंकणारी ही केबलवरची पहिली मालिका. टोनी झालेल्या जेम्स गँडोल्फिनीला आणि कार्मेला झालेल्या ईडी फाल्कोला या मालिकेसाठी प्रत्येकी तीन एमी मिळाले.

८. जागा

टोळीचा अड्डा असलेला ‘बडा बिंग’ म्हणजे न्यू जर्सीतल्या लोडाय गावातला, रूट १७ वरचा खराखुरा क्लब. ‘सॅट्रियाले’ हे मांसाचं दुकान कर्नीमध्ये चित्रीकरणासाठी उभं केलं होतं, २००७ मध्ये ती इमारत पाडली. पहिल्या एपिसोडमध्ये मात्र एलिझाबेथ शहरातलं चालू दुकान दिसतं, म्हणून पाटी वेगळी आहे. टोनीचं घर नॉर्थ काल्डवेलमध्ये, आतली खोल्यांची दृश्यं बहुतेक क्वीन्समधल्या सिल्व्हरकप स्टुडिओतली. ते खाजगी घर आहे, रस्त्यावरून बघा आणि पुढे चला. ब्लूमफील्डचं ‘होल्स्टेन्स’ हे आइस्क्रीमचं दुकान अजून चालू आहे. तिथलं शेवटच्या प्रसंगातलं बाक २०२४ मध्ये लिलावात ८२,६०० डॉलरला गेलं. त्या बाकावर काय होतं ते आधी वाचू नका.

९. ८६ संपल्यावर

२०२१ चा चित्रपट ‘द मेनी सेंट्स ऑफ नेवार्क’ कथेच्या दृष्टीने आधीचा काळ सांगतो, म्हणून तो आधी बघावा असं काहींना वाटतं. अजिबात नको. पहिल्या काही मिनिटांतच तो मालिकेतल्या एका मोठ्या पात्राचा शेवट सांगून टाकतो. तरुण टोनी त्यात गँडोल्फिनीचाच मुलगा मायकेल करतो. इम्पेरिओली आणि स्टीव्ह शिरिपा या मालिकेतल्या दोन अभिनेत्यांचा ‘टॉकिंग सोप्रानोज’ हा पॉडकास्टही शेवटानंतरच ऐका, दोघे सगळं माहीत धरून बोलतात. चेसवरचा अ‍ॅलेक्स गिबनीचा माहितीपट २०२४ चा आहे.

सगळी मालिका लगेच पुन्हा बघायची नसेल तर सहा एपिसोड निवडा: ‘कॉलेज’, ‘पॅक्स सोप्राना’, ‘बस्ट आउट’, ‘पाइन बॅरन्स’, ‘व्हाइटकॅप्स’, ‘लाँग टर्म पार्किंग’. जुना कागद काढा आणि या वेळी पाकिटांऐवजी फक्त पॉली कोणासमोर काय बोलतो ते टिपा.